मशीन चालत गेलं पाहिजे

आमच्या पडवीत बसलं की समोर सडा दिसतो. सगळा कातळ, मधे मधे आंब्याची कलमं, आणि पार टोकाला बंद पडलेली चिरेखाण. त्या खाणीच्या तोंडाशी गेल्या वर्षीचा अख्खा पावसाळा आमचं मशीन उभं होतं. खोदाईचं मशीन, साखळीपट्ट्यांवर चालणारं, लांब हाताचं. इथे सगळे त्याला पोकलेन म्हणतात, आम्ही घरात नुसतं मशीन म्हणायचो. माझं शिलाईचंही एक होतं, पण ह्याच्यापुढे त्याला कोण मशीन म्हणणार!

ते चालवायचे आमचे हे. आमचंच मशीन, आणि ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याच्या दांड्यांना हात लावलेला मला आठवत नाही. रत्नागिरीजवळ भाट्याच्या वरच्या अंगाला तुम्ही कधी आलात तर कातळात जी कलमं उभी दिसतात, त्यांतल्या कितीतरी झाडांचे खड्डे ह्यांनी फोडलेले आहेत. कातळ फोडायचा, खड्डा करायचा, मग मालक त्यात माती आणून कलम लावणार. झाड मोठं झालं की हे मला रस्त्यावरून दाखवायचे, "ता बघ, माझा झाड." झाड दुसऱ्याचं, आंबे दुसऱ्याचे, खड्डा तेवढा ह्यांचा.

त्या कातळाच्या धुळीने ह्यांची छाती खाल्ली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला होता. मला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टर खालच्या आवाजात बोलत होते त्यावरून कळायचं ते कळलं. मग काम सुटलं. आणि नेमकं त्याच सुमाराला, आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, थोडं आधी मशीनही बंद पडलं. चावी फिरवली की समोरच्या पडद्यावर एकच चूक यायची, इंजिनाशी संपर्क नाही. स्टार्टर फिरायचाच नाही.

हे पडवीत खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. ते तिकडे, हे इकडे.

पाऊस सरला, कलमांना मोहर यायला लागला, तेव्हा घाटावरून एक मशीन विकत घेणारा आला. माणूस वाईट नव्हता. मशीनभोवती फिरला, हाताने साखळी हलवून बघितली आणि पडवीत येऊन चहा घेता घेता म्हणाला, "मावशी, खरं सांगू का? चालू झालं आणि स्वतःच्या पायानं ट्रेलरवर चढलं तर मी कामाला लावीन. माझ्याकडं तळ्याची कामं आहेत. नाही चढलं, तर एवढं वजन इथनं उचलून न्यायला परवडत नाही. मग गॅसवाला आणणार, इथंच तुकडे करून नेणार."

"इथंच?" मी म्हटलं.

"मग कुठं? ही काय हातगाडी आहे व्हय ढकलत न्यायला?"

पुढच्या आठवड्यात ट्रेलर आणि गॅसवाला दोघांनाही बरोबर घेऊनच येतो म्हणाला. तो गेल्यावर हे मशीनकडेच बघत बसले. बोलणं म्हणजे ह्यांना श्वास जमवावा लागायचा, चार शब्द झाले की थांबायचं. मग म्हणाले, "अगो, माझ्यासमोर नको कापायला. चालत गेला पायजे."

एवढंच. आजारपणात माणसं काय काय मागतात. ह्यांनी कधी काही मागितलं नव्हतं, खायलासुद्धा नाही. मागितलं ते हे.

आता तुम्ही विचाराल, ही बाई ह्यात काय करणार? सांगते. मी शाळा फार शिकले नाही, पण माझ्या हाताला तारेची सवय आहे. लग्नाआधीपासून मी माहेरी पंपांच्या मोटरी भरायचे, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवीन तार गुंडाळायची. लग्न झाल्यावर ह्यांच्या मशीनची वायरिंग माझ्याकडे आली, मग आजूबाजूच्या डंपरांची, मग ज्याची त्याची. हे चारचौघांत सांगायचे, "चालवतो मी, पण बिघडला की ता हिच्याशी बोलता. माझ्याशी बोलत नाय." मी म्हणायचे, "तुम्ही ऐकता कुणाचं? बोलेल कशाला!"

जुनं मशीन सोपं होतं. दिव्याला दिव्याची तार, भोंग्याला भोंग्याची. मग हे नवीन आलं आणि मी वेडी व्हायची वेळ आली. तेव्हा कंपनीतर्फे मशीनं दुरुस्त करणारा एक इंजिनिअर आमच्याकडे जेवायला असायचा, शिकलेला, गोड मुलगा. बांगड्याचं तिखलं त्याला फार आवडायचं. जेवता जेवता तो मला शिकवायचा, आणि शिकवायचा तेही मनापासून, बाईमाणूस म्हणून उडवून लावलं नाही कधी. त्याने सांगितलं, काकू, ह्या मशिनात छोटे छोटे मेंदू आहेत. इंजिनाचा एक, पंपाचा एक, समोरच्या पडद्याचा एक. आणि ते सगळे दोन बारीक तारांवरून एकमेकांशी बोलतात. त्या दोन तारा एकमेकींत पीळ घातलेल्या असतात, बाहेरचा गोंगाट आत शिरू नये म्हणून.

मी विचारलं, "आणि सगळे एकदम बोलले तर?"

"नाही बोलत, काकू. एक बोलतो, बाकीचे ऐकतात."

"म्हणजे आमच्या घरापेक्षा बरे," हे म्हणाले. तो मुलगा हसता हसता ठसकला.

मग त्याने मला साठचा आकडा शिकवला. त्या दोन तारांच्या जोडीला दोन्ही टोकांशी एकशेवीस ओहमचा एकेक रेझिस्टन्स लावलेला असतो. मशीनची बॅटरी तोडायची, दोन तारांमधे मीटर धरायचा. दोन्ही टोकं लागत असली की करंटला दोन वाटा मिळतात, म्हणून निम्मं, साठ दाखवतो. एकशेवीस दाखवला तर एकच टोक लागतंय, मधे कुठेतरी तुटलंय. बघा, किती सोपं. सगळं अवघड त्या "कुठेतरी"त आहे.

तो मुलगा मग बदलून लांब उत्तरेला गेला. घेणारा येऊन गेल्यावर मी त्याला फोन लावला.

"काकू, मी येऊ शकत नाही हो आत्ता," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाईट वाटलं. "पण तुम्ही बघा. साठ बघा आधी. मग दुसऱ्या बाजूने बघा. घाई करू नका. आणि काका कसे आहेत?"

"आहेत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मीटर, पक्कड आणि पाण्याची बाटली घेऊन सड्यावर गेले. ह्यांनी पडवीत खुर्ची पुढे ओढून घेतली होती. मी कॅबिनमधे चढले, सीटच्या मागच्या सॉकेटात मीटर लावला. एकशेवीस. मागे जाऊन इंजिनाच्या बाजूचा कनेक्टर सोडवला, तिथे लावला. तिथेही एकशेवीस. म्हणजे दोन्ही टोकं धड होती, दोन्हीकडचे मेंदू धड होते, आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नव्हतं. तुटलं होतं ते मधेच.

इंजिनाच्या खोलीत काजूच्या सुक्या पानांचं भलं मोठं घरटं सापडलं. उंदरांचं. मला वाटलं, झालं, सापडलं! तारा कुरतडल्याही होत्या दोन-तीन. त्या जोडल्या, साफ केलं, परत मीटर लावला. एकशेवीसच. तो दिवस उंदरांनी खाल्ला.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय सापडला गो?"

"उंदीर."

"मारलास?"

"पळाला. तुमच्यासारखाच, काम निघालं की पळणारा."

हसले, आणि त्या हसण्याने जी ढास लागली ती मी पाठ चोळत होते तरी थांबेना. मग मी हसवायचं बंद केलं. आमच्या संसारातलं ते एक मोठं सुख होतं, एकमेकांना टोमणे मारायचं, तेसुद्धा आता जपून वापरावं लागत होतं.

पुढचे दिवस मी ती तार बोटाने चाचपत पुढे सरकत राहिले. इंजिनाकडून कॅबिनकडे. मीटर लावून ठेवायचा आणि जागोजागी तार हलवायची, आकडा हलतो का बघायचं. खारी हवा आमच्याकडे तांब्याला हिरवं करते, म्हणून प्रत्येक सांधा उघडून बघितला. सगळे धड. गुडघे माझे बोंबलत होते. आणि दर वेळी वर बघितलं की लांब पडवीत ती खुर्ची, आणि तिच्यात हे, एका बाजूला कललेले.

शेवटी उरली कॅबिनच्या जमिनीखालची जागा. पायाखालचं रबरी मॅट उचललं, खाली पत्रा, त्याचे नट गंजून गच्च. तेल सोडून सोडून ते उघडले. पत्रा उचलून बाहेर साखळीवर टेकवला, आणि आत, बरोबर डाव्या दांड्याच्या खाली, एक कनेक्टर होता. वरून बघितलं तर साधा. उघडला तर आत सगळं हिरवं. एक पिन तर हाताला लागताच मोडून पडली, नुसती भुकटी. आणि त्या हिरव्याला कडेने लाल होतं. मी चष्मा पुसून बघितलं. कुंकू. रबराच्या फटीत एक पिवळा पडलेला तांदळाचा अखंड दाणा अडकला होता. अक्षत.

मी तिथेच, त्या कॅबिनच्या जमिनीवर बसले.

तुमच्याकडे कसं करतात माहीत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, विळ्याकोयत्यांची, माझ्या पक्कडीची, आणि ह्यांच्या मशीनची. हे पहाटे उठून मशीन धुवायचे, झेंडूची माळ घालायचे, साखळीवर नारळ फोडायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. डोक्यावरची टोपी काढून, मोठ्याने, सगळा सडा ऐकेल असं: ह्या मशिनाक संभाळ, ह्याच्या हाताखाली कुणी सापडू नको, माझ्या हातून कुणाचा वाईट होऊ नको. मी मागून होय म्हणायचे. मग नारळाचं पाणी वाटीत घेऊन ते कॅबिनमधे चढायचे आणि दोन्ही दांड्यांवर शिंपडायचे, हळदकुंकू लावायचे, अक्षता टाकायचे. उरलेलं पाणी तिथेच डाव्या दांड्याच्या बुडाशी ओतायचे, कारण डावा हात आधी चालतो म्हणे. कितीही सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. "तीर्थ आहे गो, खाली कुठे टाकू?" दरवर्षी. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीलासुद्धा, मशीन बंद असताना, माझ्या खांद्याला धरून थांबत थांबत तिथपर्यंत आले होते, आणि गाऱ्हाणं पुरं होईना, श्वास पुरेना, तेव्हा उरलेलं मी म्हटलं होतं. पाणी मात्र स्वतःच्या हाताने ओतलं.

ते पाणी पत्र्याच्या फटीतून थेंब थेंब खाली जात होतं. दरवर्षी तितकंच, तिथेच.

मी तो दाणा पदराच्या टोकाला बांधला. मोडकी पिन कापून काढली, तारेचा चांगला भाग लागेपर्यंत मागे गेले, नवीन तुकडे जोडून कथलाचा डाग दिला, पीळ होता तसाच परत घातला, वरून नळी तापवून आवळली. मीटर लावला. साठ. मग बॅटरी जोडली, चावी फिरवली, पडदा उजळला, चूक गेली, आणि मशीन एकदा थरथरून सुरू झालं. काळा धूर निघाला, सड्यावरचे पक्षी उडाले. मी कॅबिनमधून पडवीकडे बघितलं. हे उभे राहिले होते. एकटे, खांबाला धरून.

घरी आले तर पहिला प्रश्न तोच. "काय सापडला गो?"

"खारी हवा," मी म्हटलं. "दुसरं काय असणार आपल्याकडे?"

त्यांनी मान हलवली. मशीन चालू झालं ह्याच आनंदात होते, पुढे विचारलं नाही.

घेणारा ठरल्याप्रमाणे आला. ट्रेलर येऊन पडवीजवळच्या रस्त्यावर थांबला, त्याच्यामागून गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. मी चालू करून ठेवलेल्या मशीनचा आवाज ऐकल्यावर गॅसवाल्याने बिडी पेटवली आणि सावली बघून बसला. घेणाऱ्याने स्वतःचा चालक आणला होता. तो चढायला लागला तेव्हा हे म्हणाले, "थांब सांग त्याला. नारळ ठेव. असा कसा पाठवायचा?"

मी नारळ आणला. आणि मशीनकडे न जाता पडवीच्या पायरीजवळ, कातळावर ठेवला.

"हय कशाला? मशीनवर फोड. आणि पाणी दांड्यावर..." ते थांबले. श्वासासाठी थांबले असं मला वाटलं. पण ते माझ्याकडे बघत होते. मी पदराचं टोक मुठीत धरलं होतं, मला कळलंही नव्हतं. ते त्या मुठीकडे बघत होते.

"खारी हवा पत्र्याखाली कशी जाईल गो?" ते हळू म्हणाले.

इतकी वर्षं त्याच कॅबिनमधे बसलेला माणूस, मी बाहेर काढलेला पत्रा कुठला ते त्याला पडवीतून कळलं नसेल? मी गाठ सोडली आणि तो दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बोटाने इकडून तिकडे केला. हिरवं होतं त्याला अजून, थोडं लाल.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तुम्ही संभाळत होतात त्याला."

"संभाळत होतो," ते म्हणाले. घेणारा तिकडून हाक मारत होता, मावशी, सोडायचं का? ह्यांनी मूठ मिटली. "कातळावर फोड," म्हणाले. "पाणी झाडाक घाल."

नारळ फोडला. गाऱ्हाणं मी घातलं, त्यांनी होय म्हटलं. पाणी पायरीजवळच्या कलमाला घातलं.

मग मशीन निघालं. चालक तरुण होता, हाताने बरा, पण ट्रेलरच्या फळ्यांवर चढवताना ते डावीकडे सरकायला लागलं. एक पट्टी फळीच्या कडेला गेली. ह्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर हलत होते, दांडे धरल्यासारखे, मी बघितलं ते. ओरडायला गेले तर आवाजच नाही. माझा हात धरून म्हणाले, "डावी ओढते. ढिली आहे. उजवी सोड, डावी जरा दाब... सांग."

मी पडवीतून ओरडले, "अरे, डावी ओढते! उजवी सोड! डावी दाब!"

"दम धर म्हणावा."

"दम धर!"

"आता हात पुढे टेक. बकेट टेक फळीवर."

"बकेट टेक फळीवर!"

हे पुटपुटायचे, मी ओरडायचे, आणि तिकडे ते मशीन तसं तसं करत होतं. सरळ झालं. चढलं. वर जाऊन थांबलं, हात मिटून घेतला, झोपताना गुरं पाय मुडपून घेतात तसा. गॅसवाल्याने दुसरी बिडी विझवली आणि सिलिंडर परत गाडीत टाकले.

वळणापर्यंत दिसलं. माडांच्या आड गेलं. हे म्हणाले, "गेला," आणि आत जायला उठले, पण उठवेना. मी आणि घेणारा, दोघांनी धरून आत नेलं. ती खुर्ची त्यानंतर त्यांनी पुन्हा पडवीत मागितली नाही. पलंग आत होता, खिडकीतून सडा दिसत नव्हता. मी विचारलं, बाहेर नेऊ? म्हणाले, बघायला काय आहे थय?

आंबे उतरायच्या आधीच ते गेले. छाती साफ करायला कुणाकडेच काही नव्हतं. दाणा त्यांच्या उशीखाली सापडला, कागदाच्या पुडीत. तो मी त्यांच्याबरोबर जाऊ दिला.

ह्या खंडेनवमीला मी पाटावर मीटर ठेवला आणि पक्कड ठेवली. मशीन उभं राहायचं त्या जागी अजून तेलाचा काळा डाग आहे, पावसानेही गेला नाही. तिथे कातळावर नारळ फोडला. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलं, पण होय म्हणायला मागे कुणी नव्हतं. तसंच घातलं, अर्धंमुर्धं.

दुपारी घेणाऱ्याचा फोन आला. दसऱ्याच्या शुभेच्छा द्यायला. त्याला आमच्याकडचं काही माहीत नव्हतं, मी कळवलंच नव्हतं कुणी परक्याला.

"मावशी, मशीन एक नंबर चाललंय. तळ्याचं काम झालं, आता कालव्यावर आहे. एकच आहे बघा, अजून डावीकडं ओढतंय. चालकाला सारखं सांगायला लागतंय."

"पट्टी ढिली आहे," मी म्हटलं. "उजवी सोडायची, डावी जरा दाबायची. दम धरायचा. आणि आज पूजा कराल ती साखळीवर करा. कॅबिनमधे पाणी ओतू नका."

"नाही ओतत. आणि काकांना सांगा मावशी, कापलं नाही आम्ही. चाललंय म्हणावं."

समोर सडा होता. ऊन होतं. कलमांच्या सावल्या कातळावर पडल्या होत्या.

"सांगते," मी म्हटलं.